जर्मनीत नुकतेच आलोय, मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्यासोबत बघून आमचंही जर्मन सुधारेल असा टीव्हीवरचा कार्यक्रम कोणता?

डोळे झाकून ‘दी झेंडुंग मिट देर माउस’ लावा. १९७१ पासून दर रविवारी सकाळी लागतो, साधारण अर्धा तास. एआरडी या सार्वजनिक वाहिनीच्या मीडियाथेकवर, म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ संग्रहावर, फुकटही बघता येतो. त्यातला केशरी उंदीर, निळा हत्ती आणि पिवळं बदक चकार शब्द बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गमती पहिल्याच दिवशी कळतात.

खरं सोनं मात्र माहितीच्या गोष्टींमध्ये आहे. टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात, असा एखादा प्रश्न घ्यायचा आणि एकेक पायरी उलगडून दाखवायची. या गोष्टी बनवणारे आणि सांगणारे आर्मिन मायवाल्ड, त्यांचे भाग आवर्जून शोधा. छोटी, रोजच्या बोलण्यातली वाक्यं. पडद्यावर हात जे करतायत तेच कानावर पडतं. मला तरी क्लासच्या पुस्तकापेक्षा हे लवकर डोक्यात शिरलं.

सुरुवात चुकवू नका. आजच्या भागात काय आहे ते आधी जर्मनमध्ये सांगतात, मग तेच दुसऱ्या एखाद्या भाषेत, आणि शेवटी ती भाषा कोणती हेही सांगतात. परदेशातून कामाला आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी ही पद्धत सुरू झाली. नाव सांगायच्या आत मुलीला भाषा ओळखायला लावा, मजा येते.