पत्र्याखालचा फोम चालतो, फक्त पुण्याहून रोल मागवू नको

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण हाच हिशोब मी पण एकेकाळी घालत बसलो होतो. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम, दुकानातली झोपायची मॅट परवडत नाही, म्हणून टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम वापरू, का जुन्या गादीचा स्पंज कापू, का पोरं मिळून पुण्याहून अख्खा रोल मागवू, असं विचारलंयस. स्लीपिंग बॅग, टेंट वगैरे तुझं तू बघशीलच, मी फक्त अंगाखालच्या थराचं बोलतो.

गादीचा स्पंज डोक्यातून काढ. तोंड लावून जोरात फुंकर मार, हवा पलीकडे जाते. जिथनं हवा जाते तिथनं पाणी पण जातं, आणि वरून आपलं वजन पडलं की तो उरतो कितीसा. आपल्याला पाहिजे क्लोज्ड सेल फोम, म्हणजे ज्यातले हवेचे बुडबुडे सुटे आणि बंद असतात तो, ईपीई (फुगवलेलं पॉलिथिन) नाहीतर एक्सएलपीई (त्याचाच जास्त चिवट प्रकार). खोक्यातला पांढरा फोम वाकत असेल तर बहुतेक ईपीई, मोडल्यावर साबुदाण्यासारखे दाणे सुटले तर थर्माकोल, तो राहू दे. 180 बाय 50 सेंमीचा 10 मिमी जाड ईपीईचा तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, एक्सएलपीई त्याहून थोडा जड. पण ईपीई कंबरेखाली लवकर चपटा होतो आणि परत उठत नाही, म्हणून मी एक्सएलपीईवाला. 10 मिमीची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवायच्या ताकदीचा आकडा, साधारण दीड धर, आणि थर वाढवले की आकडे सरळ बेरजेत जातात. म्हणून पूर्ण लांबीचा एक, वर खांद्यापासून कंबरेपर्यंत 5 मिमीचा तुकडा, पायाखाली रिकामी सॅक. सह्याद्रीतल्या थंडीला माझं एवढ्यावर भागतं. हिमालयाचं मला विचारू नको, आणि पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचार.

आता रोलचं. कळकळीनं सांगतो, कुरियरनं मागवू नको.

आम्ही मागवला होता. एक मीटर रुंद, गुंडाळून 40 सेंमी जाड, वजन जेमतेम चार किलो. फोमवाल्यानं रास्त भाव लावला, तिथं तक्रार नाही. इथं सोलापुरात कुरियरच्या ऑफिसात सोडवायला गेलो तर काउंटरवरचा माणूस टेप घेऊन उठला, रोलची लांबी, रुंदी, उंची मोजली, वर गोणपाटाचं सुटलेलं टोकपण टेपमध्ये धरलं, आणि म्हणाला, 32 किलो. मी म्हटलं काट्यावर ठेवा की. तर म्हणे, साहेब, काट्याचं चालत नाही, सिस्टीम जागेचे पैसे घेती. म्हणजे 100 गुणिले 40 गुणिले 40, भागिले 5000, आले 32. हा नियम खराय, हलक्या पण मोठ्या मालाला बऱ्याच कुरियरवाल्यांचा हाच हिशोब असतो. पण बुकिंग करताना पुण्याच्या काउंटरनं वजनावर भाव सांगितला होता, फरकाचं बिल इथं फाडलं, आणि भाडं फोमच्या किमतीच्या वर गेलं!

बरं, वाद घातला म्हणून माल अडवला. मोठ्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाले. ते साहेब कधीच जागेवर नसायचे. तोवर आमचा रोल गोडाऊनमध्ये आडवा, आणि त्याच्यावर काय, तर बाहेरगावी चाललेले चादरी-टॉवेलचे गठ्ठे. सोलापुरात दुसरं काय असणार म्हणा. सोडवला तेव्हा गोल रोलची पोळी झालेली, आणि उलगडला तर दर हातभर अंतरावर आडवी घडी, तिथं जाडी निम्मी. एक्सएलपीई चिवट असतो, तरी एवढे दिवस गठ्ठ्याखाली दबला तर तो तरी काय करणार. तक्रार केली तर इथले म्हणायचे बुकिंग पुण्याचं, तिकडं बोला, आणि पुण्याचे म्हणायचे डिलिव्हरी ब्रँचला बोला. शेवटी कागद दाखवला, माल बरोबर मिळाला म्हणून सही आहे तुमची. अहो, सही केल्याशिवाय गोणपाटाला हात लावू देत नव्हतात की! ऑफिसचं नाव घेत नाही, उगीच लफडं नको.

तर रोल इथंच बघ. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याचं घर भट्टी होतं, म्हणून पत्र्याखाली चंदेरी कागद लावलेला फोम मारतात, तो बऱ्याचदा एक्सएलपीई नाहीतर ईपीईच असतो. ते काम करणाऱ्यांकडं कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, दोन मीटरचा तुकडापण मिळून जातो. मागं चिकट गम असलेला घेऊ नको, त्याला गडावरची सगळी माती चिकटते. चंदेरी बाजूनं लई ऊब येते असं कुणी सांगितलं तर मान हलवून सोडून दे, जमिनीला टेकलेल्या कागदाचा उपयोग जवळपास शून्य, नुसता रात्रभर चुरचुर वाजतो. एसीच्या पाइपावरचं काळं रबरपण दाखवतील, ते जड पडतं. लहान पोरांच्या खोलीत घालतात ते जोडायचे रंगीत तुकडेपण तसेच, तेवढ्या मापात किलोभर सहज होतात.

खाली सोलापुरी चादर अंथरू का, हे पण विचारलंयस. अंगावर घे, बिनधास्त. खाली नको, सूत ओल धरतं आणि दाबलं की ऊब जाते.

घेण्याआधी बोटभर तुकडा मागून आण, घरच्या बारीक काट्यावर तोल, रात्रभर बादलीत वजनाखाली बुडवून ठेव, सकाळी वरून पुसून परत तोल. वजन वाढलं तर दुकानदार काहीही म्हणू दे, नको घेऊ. आणि चुलीपासून, शेकोटीपासून लांब झोप, हा फोम वितळतो आणि पेटतोपण. हुतात्मा एक्सप्रेसनं जाणार असशील तर गुंडाळी सॅकला उभी बांध, आडवी बांधलीस तर डब्यात चढताना सगळ्यांच्या शिव्या खाशील.

किती जण आहात ते सांग. दोघं-तिघंच असाल तर रोलचा विषयच नाही, तुकड्यांत भागतं.