भाचा, मांजर अन् नावांची वही

मागच्या अंकात 'नात्सुमे युजिनचो' या जपानी मांगाबद्दल, म्हणजे त्यांच्याकडच्या चित्रकथेबद्दल, मी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं अन् व्हॉट्सॲप आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, त्यातलेच तीन घेते.

प्रश्न: ताई नमस्कार. माह्या ननंदेचा पोरगा दोन वर्षांपासून आमच्याकडं राहते. ननंद वारली, जावई त्याच्या आधीच गेले. तेरा वर्षांचा आहे. रात्री मोबाईलवर तेच तुमचं जपानी वाचत बसते, त्यात एक जाडी मांजर अन् भुतंच भुतं. सासूबाई म्हणते बंद कर, नाही तं पोराले बाहेरचं लागंल. मी विचारलं काय वाचतं रे बाबू, तं काई नाई मामी म्हणते अन् मोबाईल उलटा ठेवते. तसा त्याचा तरास काहीच नाई, दुसऱ्यांदा भातसुद्धा मागत नाई. बंद करू का? (एक मामी, लाखांदूर तालुका)

उत्तर: वहिनी, बंद नका करू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो काय वाचतो ते आधी सांगते, मग तुम्हीच ठरवा.

नात्सुमे हा एक पोरगा आहे, आईबाप लहानपणीच गेलेला. या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे असा फिरत वाढला, कारण त्याला योकाई दिसतात. योकाई म्हणजे त्यांच्याकडची भुतं, देवचार, रानातली अन् झाडावरची, सगळी त्यात आली. बाकी कुणाला ती दिसत नाहीत म्हणून सगळे त्याला खोटारडा म्हणायचे, मग त्यानं सांगणंच सोडलं. शेवटी फुजिवारा नावाचं एक जोडपं त्याला घरी आणते, नातं लांबचं, त्यांना मूलबाळ नाही. तोको काकू स्वयंपाक करून वाट पाहते, शिगेरू काका कमी बोलतात पण माणूस मोठ्या मनाचा. अन् हा पोरगा त्या घरात असा जपून वावरतो की वाचताना आपल्यालाच भरून येते, कुणाला आपला तरास नको, आपल्यामुळं हे घर हातचं जायला नको. दिसतं ते त्यांच्यापासूनही लपवतो. वहिनी, तुमचा भाचा दुसऱ्यांदा भात का मागत नाही हे मला या पुस्तकातूनच समजलं असं म्हणा ना.

आता भुतांचं. नात्सुमेला आजीची एक वही सापडते. आजी म्हणजे आईची आई, रेको नाव, तिलाही योकाई दिसायचे, लोक तिच्यापासून दूर राहायचे, म्हणून ती रानात जाऊन योकाईंशीच पैजा लावायची अन् हरला त्याचं नाव वहीत लिहून घ्यायची. नाव वहीत गेलं की तो तिच्या शब्दाबाहेर नाही. नातू काय करतो तर ती नावं एकेक करून ज्याची त्याला परत देतो. कागद तोंडात धरतो, फुंकर घालतो, नाव सुटतं, अन् सुटताना त्या योकाईच्या आठवणीतली आजी त्याला दिसते. जिला त्यानं कधी पाहिलंच नाही ती आजी.

जाडी मांजर म्हणजे न्यांको-सेन्सेई. मूळचा मोठा ताकदवान योकाई, मादारा नाव, पण कितीक वर्षं, दुकानात ठेवतात ना तशा हात वर केलेल्या मांजरीच्या पुतळ्यात अडकून पडला होता, म्हणून रूप तेच राहिलं. दारू पिते, गोड खाते, अन् नात्सुमेला राखते. घाबरवणारे प्रसंग थोडे आहेत, नाही असं नाही, पण तेरा वर्षांच्या पोराला झेपतात.

सासूबाईंना दटावू नका. त्यांची लेक गेली आहे, नातवाची भीती वाटणारच. त्यांना एवढंच म्हणा की पोराला त्याच्या आईच्या गोष्टी सांगा, ती लहानपणी कशी होती, कोणत्या झाडावर चढायची, काय खायची. अन् तुम्ही त्याला सरळ विचारा, हे मांजर कोणतं रे, मलेही दाखव. भात मात्र न विचारता वाढा.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? पानं उलटी असतात म्हणते ते खरं का? अन् तसं गाव खरंच आहे का जपानमध्ये? (कॉलेजचा विद्यार्थी, ब्रह्मपुरी)

उत्तर: पहिल्या खंडापासूनच कर. हो, उजवीकडून डावीकडे वाचायचं, दहा पानांत सवय होते. युकी मिदोरिकावा ही लेखिका २००३ पासून हे लिहिते आहे, तीसच्या वर खंड झाले अन् अजून चालू आहे. इंग्रजीतून मिळते. इंग्रजी जड जात असेल तर २००८ पासूनची ॲनिमे, म्हणजे याच गोष्टीची जपानी कार्टून मालिका, पाहा. मिदोरिकावा क्युशू बेटावरच्या कुमामोतोची, अन् ॲनिमेतली बरीच दृश्यं तिथल्याच हितोयोशी गावावरून घेतली आहेत, पूल, देऊळ, कुमा नदी, सगळं. जुलै २०२० मध्ये कुमा नदीला मोठा पूर आला अन् हितोयोशी बुडालं. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी आपल्या वैनगंगेनं काय केलं ते तुला ब्रह्मपुरीत मी काय सांगू.

प्रश्न: माझी नात मला मोबाईलवर यातला एक भाग दाखवत होती, धरणात बुडालेल्या गावाचा. आमचंही गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं, आता पुनर्वसनात राहतो. पोरगी म्हणाली आबाजी रडता काहून. तो भाग मूळ पुस्तकात आहे की टीव्हीवाल्यांनी घातला? (एक वाचक, पवनी तालुका)

उत्तर: काका, मूळ पुस्तकातलाच आहे. दुष्काळ पडतो, धरणाचं पाणी उतरतं अन् खालचं गाव वर येतं, त्यासोबत तिथले योकाईही वर येतात. त्यातली एक पाकोळी असते. पिल्लू असताना घरट्यातून पडली होती, तेव्हा गावातल्या एका माणसानं तिला उचललं होतं. तिला त्या माणसाला एकदा भेटायचं असते, पाणी परत चढायच्या आत. नात्सुमे तिच्यासाठी एक अंगरखा मिळवतो, तो घातला की एका रात्रीपुरती ती माणसासारखी दिसते, अन् ती जत्रेत जाते. मला यात सगळ्यात जवळचं वाटते ते हे की तिला गाव परत नको आहे, एक माणूस हवा आहे.

गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची. म्हणजे तुम्ही तेव्हा ऐन उमेदीत असाल, तुमच्या नातीनं ते गाव पाहिलेलंच नाही. तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलं की मातामायच्या ठाण्याजवळ मोठी चिंच होती अन् तिच्यात घुबड राहायचं. ते जरा मोठं करून लिहा ना काका. तिथं अजून कोण कोण राहायचं, पोरं कुणाच्या नावानं भ्यायची, देवीला कोण दिवा लावायचं. लिहायचं जमत नसेल तर नातीला सांगा, ती टाईप करून पाठवेल. पुढच्या अंकात हे पान मी तुमच्यासाठी राखून ठेवते.