ओळ गुंडाळायची की दुमडायची?

डिचोलीहून एका शिक्षिकेने विचारलंय: बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवरची टिपणं मराठीत आणताना ‘लाइन रॅप’ला, म्हणजे पडद्याच्या काठाशी आलेला मजकूर आपोआप खालच्या ओळीवर जाण्याला, ‘ओळ गुंडाळणे’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या कानाला नाही चालत. मराठीत सभा गुंडाळतात, गाशा गुंडाळतात, भोळ्या गिऱ्हाइकालाही गुंडाळतात. गुंडाळलं म्हणजे आटोपलं. इथे तर ओळ आटोपलेलीच नसते, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

बीबीसी मायक्रो हा जुना संगणक घ्या. १९८४ साली सुरू झालेल्या संगणक-साक्षरतेच्या योजनेतून आपल्याकडच्या शाळांत हीच यंत्रं आली. त्याच्या मोड ७ या पडद्याच्या मांडणीत एका ओळीत ४० अक्षरं मावतात. ३८ छापून झाली आणि पुढे रोमन लिपीतला म्हापसा आला, तर त्याच्या सहा अक्षरांतली दोन वर उजव्या टोकाला राहतात नि चार खाली डाव्या टोकाला जातात. शब्द कुठे संपतो याचं यंत्राला सोयरसुतक नाही, त्याला फक्त काठ कळतो.

फोंड्याच्या आमच्या घरातल्या पोथीत असंच होतं. ओवी पानाच्या काठाशी शब्दाच्या मध्यावरच खाली उतरायची. पण वाचणारी आजी काठाशी थांबत नसे, दंडाशी (।) थांबे. बेसिकमध्येही काठ वेगळा, दंड वेगळा. ‘प्रिंट’ची आज्ञा संपली की यंत्र आपणहून दंड देतं, म्हणजे नवी ओळ. तो नको असेल तर शेवटी अर्धविराम टाकायचा. (नाव अर्धविराम, काम मात्र ‘थांबू नकोस’ असं सांगायचं!) आता नेमकी ४० अक्षरं छापून बघा: काठ भरल्यामुळे कर्सर आधीच खाली उतरलेला, त्यावर दंडही पडतो, आणि मध्ये एक कोरी ओळ राहते.

म्हणून काठाशी जे घडतं त्याला मी ‘ओळ दुमडणे’ म्हणेन. बाही दुमडली तरी कापड एकच राहतं. दंडासाठी सरळ ‘नवी ओळ’ लिहा.

जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या बेसिकची तऱ्हा निराळी. उरलेल्या जागेत मजकूर मावत नसेल तर तो अख्खा खालच्या ओळीवर जातो. पण अख्खा म्हणजे शब्द नव्हे, अवतरणचिन्हांतला सगळा तुकडा. ‘म्हापशाचा शुक्रवारचा बाजार’ एकत्र लिहिला असेल तर तिन्ही शब्द हातात हात घालून उतरतात. याला दुमडणं कसं म्हणणार? ‘खाली ढकलणे’ म्हणा.

शब्द न मोडता दुमडायचं तर ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच करायचं: ४१व्या अक्षरापासून मागे मागे येत ‘मिड डॉलर’ने (MID$, मजकुरातला हवा तो तुकडा काढून देणारी बेसिकची सोय) मोकळी जागा शोधायची, तिच्या अलीकडचा तुकडा छापायचा, उरलेला पुढच्या फेरीला. टिपणात याला ‘शब्द राखून दुमडणे’ म्हणा. लांबलचक आहे, पण मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. आणि तो तुकडा नेमका ४० अक्षरांचा निघाला, तर अर्धविराम तेवढा विसरू नका.