मिक्सर लागला की कान दाबणाऱ्या मुलाला कुठे दाखवावं?

ताई, सात वर्षांचा मुलगा मिक्सर लागला की कान दाबतो, वर्गात सारखं ‘काय?’ विचारतो, म्हणून तो हट्टी ठरत नाही. आमची लेकही अशीच. शिमग्यात पालखी अंगणात आली, ढोल वाजला की ही माजघरात, गोधडीत डोकं खुपसून.

आधी ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, साधी श्रवणचाचणी करून घ्या. कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी असलं तरी मुलं ‘काय?’ करतात. ती चाचणी नॉर्मल आली तर ‘ऑडिटरी प्रोसेसिंग’च्या चाचणीबद्दल विचारा. कान ऐकतो, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढणं मेंदूला जड जातं, असा तो प्रकार. साधारण सातव्या वर्षानंतरच ही चाचणी भरवशाची. जिल्हा रुग्णालयात ‘आरबीएसके’ची, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेची, चौकशी करा, 18 वर्षांपर्यंत मोफत असतं. नाहीतर मुंबईला, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची. आवाजाच्या त्रासासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या गोष्टी मुलाला सोप्या जाव्यात म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ.

शाळेत पुढचा बाक मागा. पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा तर बाईंना फळ्यावर लिहूनच द्यायला सांगा. इअरमफ, म्हणजे कान झाकून आवाज कमी करणारी टोपणं, ढोलापुरतेच, दिवसभर घातले तर कान आणखी हळवे होतात. आणि मिक्सरआधी ‘लावतेय हं’ एवढं सांगून बघा, आमच्याकडे निम्मी रडारड तिथेच थांबली.