बंद खोलीत सुचत का नाही?

"ताई, पूर्वी भराभर सुचायचं. आता वेळ आहे, जागा आहे, आणि डोकं मात्र रिकामं."

या ना त्या शब्दांत हे गाऱ्हाणं माझ्याकडे सारखं येतं. जाहिरातीच्या ओळी लिहिणारा मुलगा असो, गणपतीचा देखावा ठरवणारे मंडळातले काका असोत की प्रबंध अडलेल्या प्राध्यापिका. बहुतेकांनी एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो, तो म्हणजे शांत जागा. कुणी मांडूला चार दिवस राहून येतं, कुणी घरातली एक खोली मोकळी करून घेतं. अशीच खोली मिळालेल्या एका बाईची ही हकीकत. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ती इंदूरच्या जुन्या मराठी घरातली सून. महेश्वरी साड्यांच्या किनारी काढून देते. हे काम वाटतं तितकं मोकळं नाही. ईंट (म्हणजे वीट), चटाई, चमेली, हिरा, लहर हे त्या किनारींचे ठरलेले नमुने. महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवरून, नर्मदेच्या घाटावरून आलेले. व्यापाऱ्याला लग्नसराईसाठी नवी किनार हवी होती, पण लांबून पाहिली तरी 'महेश्वरी' म्हणून ओळखू यायला हवी होती. नवऱ्याने हौसेने वरची खोली सजवून दिली. एसी, मोठं टेबल, चांगला दिवा. मुलांना ताकीद, आई वर असली की जिना चढायचा नाही. पुढचे कितीतरी आठवडे तिला एक रेघ धड सुचली नाही.

मी विचारलं, "खोलीत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काय होतं?"

"पेन्सिल घेते. एक रेघ ओढते. लगेच वाटतं, हे काय, हे तर जुनंच."

"आणि खाली आल्यावर?"

"सासूबाई विचारतात, झालं का गं काही? चांगल्या मनानेच विचारतात हो. पण मला दहावीचा निकाल घेऊन घरी आल्यासारखं होतं."

मला जे हवं होतं ते इथे मिळालं. माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं होतं की, नवं घडवायचं तर माणसाला बाहेरच्या मूल्यमापनापासून काही काळ सुटका हवी. तिला घरच्यांनी खोली दिली, आणि नकळत एक परीक्षकही आत बसवला. इतकी सोय करून दिल्यावर काहीतरी करून दाखवायलाच हवं, हे ओझं एसीच्या गारव्याने थोडंच उतरणार!

"तुझ्या मनासारख्या किनारी आधी कुठे सुचल्या होत्या?"

ती हसली. "सांगायला लाज वाटते. एक महेश्वरहून येताना बसमध्ये. एक गच्चीवर पापड वाळत घालताना. टेबलाशी एकही नाही."

लाज कसली? हेल्महोल्ट्झ हे जर्मन शास्त्रज्ञ. १८९१ मध्ये, सत्तरीच्या सत्कारात त्यांनी सांगितलं की, चांगल्या कल्पना त्यांना कामाच्या टेबलाशी कधी आल्या नाहीत. उन्हाच्या दिवशी झाडीतली टेकडी सावकाश चढताना आल्या. पण त्याआधी प्रश्न सगळ्या बाजूंनी तपासून दमेपर्यंत काम झालेलं असायचं, हेही त्यांनी सांगितलं. लोक टेकडी लक्षात ठेवतात आणि हा भाग विसरतात.

म्हणून मी तिला खोली सोड म्हटलं नाही. रोज अर्धा तास खोलीत बसायचं, जुन्या किनारी समोर ठेवून नेमकं कुठे अडतंय ते एका वाक्यात लिहायचं आणि उठायचं. मग हाताला काम असेल पण डोक्याला फारसं नसेल असं काहीतरी करायचं, मोबाइल घरी ठेवून. "हा वेळ वाया नाही का जाणार?" तिने विचारलं. वाया जायला हरकत नाही, एवढंच मी म्हटलं. काही दिवस गेलाही.

मग एकदा ती आली ती खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागली.

"चक्कीवर नंबर लावला होता. पुढे डब्यांची रांग. मधला एक डबा कुणीतरी उचलून नेला, तेवढी जागा मोकळी राहिली. मी बघत बसले."

"मग?"

"मग काही नाही. गहू बारीक दळा म्हणून सांगितलं. घरी येताना वाटेत लक्षात आलं, मी नवी आकृती शोधत बसले होते. आकृती कशाला हवी? ईंट तीच ठेवायची. दोन विटा झाल्या की तिसरी गाळायची."

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की तिने त्या दिवशी घरी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, खरा बदल तिथे होता. वीट कुठली गाळायची हे तिला आज ना उद्या सुचलंच असतं. कच्ची कल्पना कुणाच्या पसंतीशिवाय स्वतःजवळ ठेवायला मात्र ती तेव्हा शिकली. आणि डबे सगळ्यांनीच पाहिले असतील. रिकामी जागा दिसली ती महिनाभर किनारी डोळ्यांत घेऊन फिरणारीला.

यावर प्रयोगही झाले आहेत. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना कल्पना सुचवायचे प्रश्न दोनदा दिले आणि मधल्या वेळात काही जणांना अगदी सोपं काम दिलं, काहींना अवघड काम दिलं, काहींना नुसतं बसवलं. सोपं काम करणारे पुढे सरस ठरले, पण आधी भेटलेल्याच प्रश्नांत. नव्या प्रश्नांत नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डला दिसलं की चालताना लोकांना जास्त वेगळ्या कल्पना सुचतात, भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी. तेव्हा इंदूरचा पिपल्यापाला पार्क लांब असेल तर गल्लीतली फेरीही चालेल.

यावरून घरकाम बाईच्या प्रतिभेला पोषक असतं असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. कुकर, दार, मुलाची वही आणि सासऱ्यांचं औषध एकाच वेळी हाक मारत असेल त्या स्वयंपाकघरात काही सुचत नाही. काम एक हवं, सोपं हवं, आणि तेवढ्या वेळात कुणी हाक मारता कामा नये. सुचलेलं लगेच टिपायला किराण्याच्या बिलाची पाठही पुरते. वही काढली की पुन्हा परीक्षा सुरू होते.

मात्र सुचत नाही याबरोबर झोप बिघडली असेल, जेवणात, गप्पांत, आवडत्या माणसांतही मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर चक्कीवर जाऊन भागणार नाही. तिथे आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

शेवटच्या भेटीला नवराही आला होता. थोडा हिरमुसलेला. "म्हणजे खोली उगीचच केली म्हणायची?"

मुळीच नाही, मी म्हटलं. किनार सुचल्यावर ती ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन मोजून उतरवावी लागते. ते काम रस्त्यात होत नाही. त्याला टेबल, दिवा आणि बंद दार लागतंच.

"आणि मी काय करायचं?"

"झालं का, असं विचारायचं नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. "आईला कोण सांगणार?"

"तुम्हीच," ती म्हणाली.