कापड पुरत नाही, तिथे नक्षी सुरू होते

तुमचा प्रश्न असा आहे: वर्षभरात हाताने तीन गोधड्या शिवल्या, तिन्ही सारख्याच चौकोनांच्या झाल्या, आता चौथीसाठी काही सुचत नाही. तुम्हा लोकांना नक्षी सुचते कुठून? शिवाय घरचे म्हणतात, तयार रजई मिळत असताना हा खटाटोप कशाला. त्यांना काय सांगू?

मी इंदूरचा. वय ६६. पुरुष आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गोधडीचं नाव काढलं की लोक मला ताई समजून बोलतात.

सुई हातात आली ती फक्त ओवण्यापुरती. आईला चाळिशी लागली तसं तिला सुईचं नेढं दिसेना. शाळेत जाण्याआधी मी तिला दहा सुया ओवून द्यायचो. त्या ती उशीच्या अभ्र्यात ओळीने खोचून ठेवायची आणि दुपारभर एकेक वापरायची. दहा संपल्या की काम बंद, मी घरी येईपर्यंत. रविवारी मी तिच्यासमोरच लोळत पडलेला असायचो. एकदा म्हणाली, "बसलाच आहेस तर दोन ओळी घाल." घातल्या. साप गेल्यासारख्या गेल्या. तिने उसवल्या नाहीत. म्हणाली, पायाकडे येतात त्या, पायांना काय कळतंय.

आता तुमच्या चौकोनांकडे. तुम्ही लिहिलंय की कापड दुकानातून आणता, प्रत्येक रंगाचं एकेक मीटर. माझ्या मते घोळ तिथेच आहे. तुम्हाला कल्पना कमी पडत नाहीत, कापड जास्त होतंय. मीटरभर निळं, मीटरभर पिवळं, सगळं सारखंच ताजं आणि सारखंच जाड. असं कापड कुठेच अडवत नाही. मग चौकोन होतात, दुसरं काय होणार?

आईजवळ कधीच पुरेसं नसायचं. लुगडं विरतं ते बसायच्या जागी. काठ आणि पदर धड राहतात. त्यामुळे तिच्या हाती यायच्या त्या लांबच लांब पट्ट्या. वडिलांच्या शर्टाची कॉलर जायची, पाठ चांगली असायची. धोतर अस्तराला. ज्या आकाराचं कापड धड, त्या आकाराचा तुकडा. कात्री लावायची ती फक्त विरलेलं काढून टाकायला. शिवायची कडेकडेने, बाहेरून आत. असं शिवलं की ढिलं कापड सरकत सरकत मधे गोळा होतं. आम्ही त्याला 'पोट आलं' म्हणायचो. (हल्ली मधून सुरुवात करून बाहेर जायला शिकवतात, ते यासाठीच.) पोट आलं की आई तिथे एक चुणी दाबायची आणि चुणीवर ठिगळ लावायची. एकटं ठिगळ बरं दिसत नाही म्हणून समोर त्याला जोडीदार. दोनाची मग चार. आमच्याकडच्या एका गोधडीच्या मधोमध चार पानांचं फूल आहे, ते बघून पाहुणे म्हणतात, काय डोकं लावलंय! ते डोकं नाही, पोट आहे.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, म्हणजे अनेक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या लेकीसुना, कवंडी नावाची गोधडी शिवतात ती अशीच. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, आणि तुकडा जागा येईल तसा ठेवत जायचा. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं. ती नसली तर कवंडीला उघडी समजतात. तिकडे अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांतल्या काहींना शेतकामात झिजलेल्या विजारींचं कापड आहे. खिसा काढला की त्याखालचं कापड न विटलेलं, गडद निघतं. तो खिशाच्या आकाराचा गडद डाग त्यांनी तसाच राहू दिलाय, आणि नजर नेमकी तिथेच जाते. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

म्हणून पहिलं काम सांगतो: दुकानात जाणं सहा महिने बंद. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडा. शिवाय गल्लीतल्या टेलरकडून कातरण मागा (आम्ही इंदूरचे मराठी तिला 'कतरन' म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं). पॉलिस्टरच्या साड्या बाजूला ठेवा, कितीही सुंदर असल्या तरी. सुई अडते, थर सरकतात आणि अंगाखाली घाम धरतो. जुनं रेशीमही जपून. घडीवर चिरत गेलेलं असेल तर टाका धरत नाही.

मग बाहेरचं काही पाहायचंच नाही का? पाहावं की. पण चित्र उचलू नये, मांडणी उचलावी. हे मी चार महिने वाया घालवून शिकलो. आमच्या इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. निवृत्त झाल्यावर हुरूप आला आणि मी तो जसाच्या तसा गोधडीवर काढायला घेतला, खिडक्या, महाद्वार, सगळं. झाला तो एखाद्या पतपेढीच्या कॅलेंडरसारखा. बायको म्हणाली, "अहो, हे अंगावर घ्यायचं की खिळ्याला लावायचं?" सध्या तो गाद्यांच्या तळाशी आहे. पुढच्या गोधडीला मी फक्त हिशेब घेतला: पायाकडे तीन पट्टे जाड खादीचे, वर चार मऊ मलमलीचे. पाय गरम राहतात, छातीवर ओझं नाही. तिच्यात राजवाडा कोणालाच दिसत नाही. मला दिसतो.

तसाच किलाकोट. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. माझ्या बहिणीही शेजारच्या माळवी मुलींबरोबर मांडायच्या. रोज नवी आकृती, आणि शेवटी किलाकोट: चारी बाजूंनी तट, आत चंद्र, सूर्य आणि बाकी सगळी मंडळी दाटीवाटीने. त्या पोरी आधी तट घालायच्या, मग उरलेल्या जागेत जो मावेल तो. कोणी मोजमाप घेत नव्हतं. माझी आजवरची सगळ्यात आवडती गोधडी तशी झाली. आधी चारी कडांना रुंद गोट लावला, अस्तर पसरलं आणि आत वर्षभर मिळेल ते लावत गेलो. भाचीच्या शाळेच्या पिनोफोरचा खिसा, छत्रीच्या कापडाची एक पाकळी (छत्रीचं कापड लावू नका, कुरकुरतं), बायकोच्या महेश्वरीचा काठ. तट पक्का असला की आत काहीही चालतं.

महेश्वरीच्या काठावर थोडं थांबतो, कारण तुमच्या चौकोनांचा इलाज त्यात आहे. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. तिथल्या विणकरांनी काठावरची कितीतरी नक्षी किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून घेतली आहे: चटई, वीट, हिरा. एकदा घाटावर बसून मी ते दगड आणि बायकोच्या साडीचा काठ आळीपाळीने बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की यातलं बरंचसं नुसत्या धावदोऱ्यात येतं, कापड न बदलता. टाके एकाखाली एक आले की चटई. दुसऱ्या ओळीतला टाका पहिल्या ओळीतल्या रिकाम्या जागेखाली आणला की वीट. दर ओळीला थोडं थोडं एकाच बाजूला सरकवत नेलं की तिरपी लाट, आणि मधेच दिशा उलटी केली की नागमोडी. एकरंगी जुन्या चादरीवर पांढऱ्या दोऱ्याने करून बघा. तुमच्या तयार चौकोनी गोधड्यांवरही होईल. चौकोनांच्या रेघा मुळीच पाळायच्या नाहीत, त्यांच्या अंगावरून आडवं जायचं. पाऊण दिवसात ते चौकोन मागे सरतात.

कामाचं थोडं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो आणि चिडचिड नक्षीत उतरते. मेणावरून एकदा ओढून घ्या. जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर जड डबे ठेवा, मोठे कच्चे टाके घाला, मगच उचला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. डावा हात खाली, सुईचं टोक त्याच्या बोटाला टोचलं की तिन्ही थर धरले गेले असं समजायचं. ते बोट महिनाभर खरखरीत राहतं, त्याला इलाज नाही.

आणि लाल कापड आधी धुवा. दोनदा धुवा. एका दुकानदाराने "रंग गेला तर पैसे परत" म्हणून दिलेलं लाल व्हॉइल मी न धुता लावलं. पहिल्याच धुण्यात मागच्या पांढऱ्या धोतरावर गुलाबी नकाशा उमटला. मीठ झालं, लिंबू झालं, ऊन झालं. दुकानदार म्हणाला, पाणी खारं असेल. शेवटी मी मागच्या बाजूला त्या डागांच्या कडेकडेने गुलाबीच दोऱ्याने ओळी घातल्या, एकीबाहेर एक, पाण्यात खडा पडल्यासारख्या. त्या गोधडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

घरच्यांना पैशाचा हिशेब सांगायला जाऊ नका, हराल. पाच बाय सात फुटांची गोधडी घ्या. ओळींमध्ये पाऊण इंच अंतर धरलं तर ८० ओळी होतात, प्रत्येक ८४ इंचांची. इंचाला तीन टाके म्हणजे वीस हजारांवर टाके. माझ्या हाताला एका ओळीला अर्धा तास लागतो, म्हणजे ४० तास. रोज दीड तास बसलं तर महिना जवळपास संपला, तेही जोडकाम सोडून. कुठलीही मजुरी लावा, दुकानातली रजई स्वस्तच पडणार. शिवाय इंदुरात रजई लागते ती डिसेंबर-जानेवारीत. बाकी बराच काळ रात्री गार पण हलक्या, माळव्याच्या रात्रींना शब-ए-मालवा उगाच नाही म्हणत. त्याला दोन-तीन थरांची गोधडीच नेमकी. हे मात्र घरच्यांना सांगू शकता. रजईत घाम येतो आणि चादरीत पहाटे कुडकुडतो, त्या मधल्या हवेची ही वस्तू आहे.

आनंद कसला, हे सांगणं अवघड आहे, पण टाळत नाही. दुपारी रेडिओवर मालवा हाऊसवरून, म्हणजे इंदूर आकाशवाणीवरून, गाणी चालू असतात, आणि मी ओळ संपवून मान वर करतो तेव्हा कोणती गाणी होऊन गेली ते मला आठवत नाही. ३६ वर्षं फायली हलवल्या. एकही फाइल अशी नव्हती की तिच्यावर हात फिरवला तर काम कुठवर आलं ते कळावं. इथे डोळे मिटूनही कळतं. शिवलेला भाग खडबडीत, न शिवलेला गुळगुळीत, मधे सीमा. ती रोज चार बोटं सरकते. मग पहिलं धुणं. कापड आणि दोरा वेगवेगळे आटतात आणि सपाट गोधडीवर एकदम बारीक सुरकुत्या येतात, दुधावर साय धरावी तशा. त्या दिवशी मी दोरीजवळ खुर्ची टाकून बसतो. बायकोने यावर बोलणं सोडून दिलंय.

अजून एक आहे, ते थोडं लाजत सांगतो. हिरवं कापड दीड वीत कमी पडलंय, आता काय, या विचारात मी रात्री जागा असतो, आणि ती जाग मला आवडते. इतक्या वर्षांत ज्या काळज्या करत जागलो, त्या सगळ्यांपेक्षा ही काळजी बरी. सकाळी पोहे खाता खाता एकदम दिसतं की हिरवं कमी पडलं तर कोपरा तिरपा कापायचा. तिरपा कापला की समोरचाही तिरपा करावा लागतो, आणि चौकोन गेला.

राहिली ती गुलाबी नकाशाची गोधडी. आजवर विकलेली तेवढी एकच. ओळखीतल्या एक बाई आल्या होत्या, त्यांना पुढची बाजू फार आवडली, सरळ ओळी, नीट काठ. मी मागचे डाग उलटून दाखवले, पैसे कमी घेतले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा रंग गेला. म्हणाल्या, "काका, सासूबाई ती उलटीच पांघरतात. सुलटी बाजू पाहुण्यांसारखी वाटते म्हणे."