दार-ए-सलामला संसार थाटायला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला, तेव्हा जावईबापूंना टांझानियातल्या दार-ए-सलामला नोकरी लागल्याचे आणि चार वर्षांच्या लेकाला घेऊन तूही जूनमध्ये त्यांच्या मागोमाग निघणार असल्याचे कळले. मी त्या शहरात अकरा वर्षे संसार केला, माझी दोन्ही मुले तिथेच लहानाची मोठी झाली, म्हणून "तिला चार गोष्टी तूच लिही," असे तिने मला हक्काने सांगितले. सामानाची यादी तुला कोणीही देईल. मला सांगायचे आहे ते एवढेच, की तिथल्या हवेत आणि तिथल्या आजारांत घर कसे चालवायचे हे तिथल्या बायका आईकडून आणि आजीकडून शिकलेल्या असतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांना विचारत जा. मी ते विचारायला दोन वर्षे लावली, आणि त्याचा त्रास माझ्या धाकट्याला सोसावा लागला.

तो तेव्हा सहा वर्षांचा होता. एका संध्याकाळी त्याचे अंग कोमट लागले, म्हणून मी त्याला पॅरासिटामॉल दिले आणि कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. आमच्याकडे कामाला असलेली बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मामा, आएंदे अकापिमे," म्हणजे याचे रक्त तपासून आणा. मामा म्हणजे तिकडे आई. घरच्या बाईला याच नावाने हाक मारतात. साधा ताप आहे, उद्या बघू, असे मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितले आणि मीही तेच उत्तर दिले. तिसऱ्या पहाटे त्याचे दात वाजू लागले आणि तो मला ओळखेनासा झाला. जवळच्या दवाखान्यात त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर टाकला आणि पंधरा-वीस मिनिटांत तिथे दोन रेघा उमटल्या, म्हणजे मलेरिया. त्यानंतरचे पाच दिवस आम्ही रुग्णालयात काढले. तो बरा झाला, पण त्या बाईचे दोन दिवसांपूर्वीचे शब्द मी अजून विसरलेली नाही.

म्हणून हे नीट लक्षात ठेव. आपल्याकडे मलेरिया झालेली माणसे त्याला फारसे घाबरत नाहीत, कारण आपल्याकडे बऱ्याचदा तो व्हायवॅक्स जातीचा असतो. तिथला बहुतेक वेळा फाल्सिपेरम असतो आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात वारंवारच्या आजारपणाने थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, ती तुझ्या मुलाच्या अंगात मुळीच नसेल. ताप आला की त्याच दिवशी तपासणी करायची, औषधाचा तीन दिवसांचा क्रम पुरा करायचा, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत मच्छरदाणीशिवाय कोणी झोपायचे नाही. सुटीत पुण्याला आल्यावर ताप आला, तर आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. डास दिवसाही टाळायला हवेत, कारण त्या शहराने 2014 आणि 2019 मध्ये डेंग्यूच्या मोठ्या साथी पाहिल्या आहेत.

त्याच बाईने मला इस्त्रीचेही शिकवले. तिकडे एक माशी बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, आणि तो कपडा तसाच घातला तर अळी कातडीखाली शिरून गळवासारखी गाठ येते. म्हणून लेकाच्या चड्ड्या, बनियन, टॉवेल, चादरी, सगळ्यांवर शिवणीच्या आतपर्यंत गरम इस्त्री फिरलीच पाहिजे.

या बाईला घरातली मुले "दादा" म्हणतात. तिथल्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे तुझा लेक पहिले काही दिवस गोंधळेल, पण मोठ्यांच्या आधी शिकेल. कामाच्या बाईचा पगार, सुटीचा दिवस आणि आजारपणातली रजा आधीच कागदावर ठरव; घरकामगारांसाठी सरकारने किमान वेतन ठरवून दिलेले आहे, त्याहून एक शिलिंगही कमी देऊ नकोस. आपल्या लोकांच्या गप्पांत या बायकांविषयी जे बोलले जाते, ते ऐकून मला फार वाईट वाटत असे. भारतीय मंडळी तिथे पिढ्यानपिढ्या दुकाने चालवत आली, दुकानाला "दुका" आणि पैशाला "पेसा" असे शब्द त्या भाषेत रुजले, आणि तरीही आपण तिथल्या लोकांपासून वेगळेच राहिलो, ही त्यांची तक्रार जुनी आहे. 1971 च्या कायद्याने सरकारने भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यात आशियाई कुटुंबांची घरे मोठ्या संख्येने गेली. तो घाव ज्यांना बसला त्यांचे दुःख खरे होते, पण उंबऱ्याबाहेरच्या माणसाशी आपण कसे वागलो, हेही त्यांच्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांनी माझ्याजवळ मोकळेपणाने बोलून दाखवले होते.

एक शब्द विमानातच पाठ करून घे: "शिकामो". वयाने मोठ्या माणसाला, मग तो पहारेकरी असो वा शाळेतली मदतनीस, लहानाने असे म्हणायचे, आणि त्याने "मराहाबा" म्हणून ते स्वीकारायचे. त्याचा मूळ अर्थ "तुमचे पाय धरतो" असा सांगतात. वाकून नमस्कार करायला शिकवलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, आणि ते ऐकल्यावर पहारेकऱ्याचा चेहरा कसा उजळतो, ते तू पाहशीलच.

वेळ ठरवताना मात्र सांभाळ. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे "सा न्ने", म्हणजे चार, हे आपले सकाळचे दहा. मी नळ दुरुस्त करणाऱ्याला असेच चार वाजता बोलावले होते. तो सकाळी दहाला येऊन कुलूप पाहून परत गेला आणि मी संध्याकाळभर त्याला दोष देत बसले.

जूनमध्ये हवा सुखाची असेल, तेव्हा तिच्यावर जाऊ नकोस. खरा उकाडा डिसेंबर ते मार्च असतो, अगदी मुंबईच्या मेसारखा चिकट. त्या दिवसांत स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा आणि दुपारी मुलाला बाहेर सोडायचे नाही. सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाक, जून 2019 पासून त्यांवर बंदी आहे. भाजीबाजारात "म्चिचा" म्हणजे आपल्या माठासारखीच पालेभाजी, "बामिया" म्हणजे भेंडी आणि "म्बाझी" म्हणजे तूर. तूरडाळ डोक्यावर वाहून नेण्याची गरज नाही, ती त्याच देशातून आपल्याकडे येते. बाजारातून परतताना रिक्षा हवी असेल, तर तिला तिथे "बजाजी" म्हणतात.

खवणीही नेऊ नकोस. तिथे प्रत्येक घरात एक बुटका लाकडी पाट असतो, त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते असते, आणि त्यावर बसून नारळ खवतात. त्याला "म्बुझी" म्हणतात, म्हणजे बकरी. पहिल्या रविवारी दादाबरोबर बसून एक नारळ खव. माझ्या कोकणातल्या आजीसारखीच ती वाटी फिरवते की नाही, ते मला कळव.

तुझी,
मावशी